चौथ्या थांब्यावरच्या घरातून

जुन्या पेठेच्या सुशोभीकरणाचं काम पाहणारे अधिकारी, अभियंते, कंत्राटदार आणि रविवारची वारसा-फेरी चालवणारी मंडळी यांना खुलं पत्र

शहापूर, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसातला मी दोनशे रुपये भरून तुमच्या वारसा-फेरीत चालायला आले. आम्ही बावीसजण होतो. पुण्याचे, बेंगळुरूचे, गोव्याच्या दोन मुली, हुबळीचं एक जोडपं. शहापुरातल्या गल्ल्यांतून फिरत चौथ्या थांब्यावर पोचलो तशी गाईडनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. समोर माझंच घर होतं. १९८६ साली लग्न होऊन मी या घरात आले. कट्ट्याचा जेवढा तुकडा उरलाय त्यावर सासूबाई बसल्या होत्या. मला त्या घोळक्यात बघून त्या म्हणाल्या, "अगं, तू काय बघालीस तिथनं?"

मी काय बघत होते ते सांगायला हे पत्र लिहितेय.

गाईड सांगत होता की हे घर एका श्रीमंत व्यापाऱ्याचं. खिडक्या बुटक्या आहेत, कारण त्या काळी माणसं जमिनीवर बसत आणि बसल्या जागेवरून रस्ता बघत. दारावरची वेलबुट्टी पोर्तुगीज धाटणीची. लोकांनी फोटो काढले आणि सगळे पाचव्या थांब्याकडं निघाले. मीही निघाले, पण पुढचं काही नीट ऐकू आलं नाही.

आमच्या घरात व्यापारी कधी राहिला नाही. हे विणकराचं घर आहे. माझ्या आजेसासऱ्यांचे दोन माग सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत होते, खड्ड्याचे. खड्डामागावर माणूस जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. त्याच्या हाताखालच्या सुतावर उजेड पडायचा असेल तर खिडकी जमिनीपासून वीतभर उंचीवरच लागते. आमच्या खिडक्या तेवढ्यासाठी बुटक्या आहेत. सोप्याची जमीन मातीची ठेवली तीसुद्धा मागासाठीच. खड्ड्याच्या ओलाव्यानं सूत मऊ राहतं, तार तुटत नाही. सोपा माजघराच्या दीडपट आहे, कारण घरात सगळ्यांत जास्त जागा मागाला लागायची. पहाटे ऊन चढायच्या आत ताणा गल्लीत पसरायचा आणि त्याला खळ द्यायची. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं सूत सासूबाईंना अजून आठवतं. गल्ली एवढी सरळ का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "ताणा वाकडा पसरून कसं चालंल?" एवढंच त्या म्हणाल्या. आणि दारावरची वेलबुट्टी आमच्या गल्लीतल्याच एका सुतारानं कोरलीय. साडीच्या काठावर जी वेल विणली जायची तीच त्यानं लाकडात उतरवली. जुन्या ट्रंकेतली साडी काढून दारापाशी धरली की कुणालाही दिसेल.

तुमच्या फेरीला मी हे दोन मिनिटांत सांगू शकले असते. मला कुणी विचारलं नाही. सासूबाईंनाही नाही. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि रोज सकाळी तिथंच बसतात.

मी एकतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. दरवर्षी चौथीची मुलं घेऊन किल्ल्यात जायचे. कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताला खाली लोंबणारं दगडी कमळ दाखवायचे. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात ही बस्ती उभी राहिली आणि त्या वेळचे कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे सांगितलं की मुलं विचारायची, "बाई, मग ते परत कधी आणायचे?" टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर दाखवायचे. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. लोकमान्यांनी होमरूल लीगची सुरुवात एप्रिल १९१६ मध्ये याच गावातून केली. आणि हे शहापूर तर त्या काळी बेळगावात नव्हतंच. ते सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं. बेळगावात इंग्रजांचा अंमल आणि चार पावलांवर संस्थानाचा. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा ती हद्द पुसली गेली. मुलांना मी सांगायचे, तुम्ही रोज शाळेत येताना एक सरहद्द ओलांडता. त्यांना फार गंमत वाटायची.

तेव्हा आमच्या गल्ल्या बघायला लोक येणार हे कळल्यावर गल्लीत सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. तुम्ही चांगलं केलंत तेही लिहिते. डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी जमिनीखाली गेल्या. उघडी गटारं झाकली गेली. रात्री दिवे असतात, मुली क्लासवरून बिनघोर परत येतात. कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळामागं कचऱ्याचा ढीग असायचा, तो गेला. हे मी विसरलेले नाही आणि गल्लीतलं कुणी विसरलेलं नाही.

पण आता दुसरा टप्पा येतोय. शेजारच्या तीन गल्ल्यांतल्या घरांवर लाल रंगानं आकडे टाकून झालेत. आमच्याकडं जे केलं तेच, तसंच तिकडंही होणार असं तुमच्या माणसांनी सांगितलं. आमच्याकडं काय झालं हे एकदा उघड्यावर सांगितल्याशिवाय तिकडं पहार पडू नये, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यांत आधी रस्त्याच्या पातळीबद्दल. आमचं जोतं जुन्या रस्त्यापासून दीड फूट उंच होतं. तीन पायऱ्या चढून उंबरा यायचा. तुम्ही जुना डांबरी रस्ता न उकरता त्याच्यावरच काँक्रीट ओतलं आणि वर लाद्या बसवल्या. रस्ता चौदा इंच वर आला. आता उंबरा आणि रस्ता यांत चार इंच उरलेत, म्हणजे एक पायरीसुद्धा नाही. बेळगावात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आमच्या वाडवडिलांनी दीड फुटाचं जोतं हौसेनं बांधलेलं नव्हतं. या पावसाळ्यात चेंबर तुंबलं आणि एका रात्री पाणी उंबरा ओलांडून सोप्यात आलं. मागाचा एक खड्डा आम्ही बुजवलेला नाही, फळ्या टाकून झाकून ठेवलाय. सकाळी फळ्या पाण्यावर तरंगत होत्या. चार दिवस आम्ही बादल्यांनी पाणी उपसलं. समोरच्या घरात दोन भाऊ राहतात. त्यांच्याकडं तर पाणी माजघरातल्या धान्याच्या डब्यांपर्यंत गेलं.

तुमच्या एका अभियंत्याला मी हे दाखवलं. भला माणूस होता. तो म्हणाला, "अक्का, इस्टिमेटमध्ये खोदाई धरलेली नाही." वाईट वाटून म्हणाला हे मला दिसत होतं. पण जुनी घरं दाखवण्यासाठी रस्ता करायचा आणि तोच रस्ता जुन्या घरांच्या जोत्यांवर चढवायचा, हे इस्टिमेट कुणीतरी बसून लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्यानं एकदा पावसात इथं यायला हवं होतं.

दुसरं, भिंतींबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण याचं नुकसान आज दिसत नाही. दहा वर्षांनी दिसेल आणि तेव्हा तुमच्यापैकी कुणी इथं बदलीवर नसेल.

आमच्या भागातली जुनी भिंत खाली जांभ्याच्या चिऱ्यांची, वर मातीची आणि बाहेरून चुन्याच्या गिलाव्याची असते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. वारा-ऊन लागलं की कडक होतो. पण त्याच्या अंगात भोकं असतात आणि तो पाणी पितो. माती तर पितेच. पावसाळ्यात अशी भिंत ओली होते आणि दिवाळीपर्यंत वाळते. ती वाळू शकते कारण चुना श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो. वडगावातल्या एका म्हाताऱ्या गवंडीमामांनी मला हे समजावलं. ते सांगतात, चुना पंधरा दिवस तरी भिजत ठेवायचा, घाणीत मळायचा, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचं आणि मग हात लावायचा. तुमच्या कामगारांनी आमच्या दर्शनी भिंतीचा चुना छिन्नीनं खरवडला, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वरून प्लास्टिकचा रंग दिला. सगळ्या गल्लीला एकच फिकट पिवळा. फोटोत छान दिसतो. पण आता ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती आत येते. आमच्या सोप्यातल्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर लोणा लागलाय. हात फिरवला की पांढरा खार आणि मातीचा भुगा बोटांना येतो. दर शनिवारी झाडून काढते, पुढच्या शनिवारी तेवढाच जमतो. तो भुगा म्हणजे भिंतच आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस बेळगावात कुणी विसरलेलं नाही. किती जुन्या मातीच्या भिंती त्या आठवड्यात बसल्या. आमची उभी राहिली. भिंत पाण्यानं गच्च झाली होती, पण वाळली. आता तसाच पाऊस पुन्हा आला तर ती वाळेल का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. आणि ती पडली तर तुमचा चौथा थांबाही पडेल.

कट्ट्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्याबद्दल जास्त लिहिलं की माझा राग वाढतो. अडीच फूट रुंदीचा कट्टा होता. तो अतिक्रमणात धरला आणि कापून नऊ इंच ठेवला. कट्ट्यावर गल्लीतल्या बायका शेंगा सोलायच्या, पोरं अभ्यास करायची, शिवजयंतीच्या रात्री चित्ररथांची वाट बघत पहाटेपर्यंत आम्ही तिथं बसायचो. कट्टा हा शब्द कन्नडमधल्या 'कट्टे'चाच भाऊ आहे. शेजारच्या कन्नड घरातल्या आजी आणि माझ्या सासूबाई पन्नास वर्षं त्या एकाच कट्ट्यावर बसून अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत आल्यात. तुम्ही कट्टा कापला आणि गल्लीच्या तोंडाशी लोखंडी बाक बसवले. त्या आजींना तिथवर चालत जाता येत नाही. बाकांवर फेरीतले लोक बसतात. त्यांनी जरूर बसावं. पण कट्टा हा घराचा भाग होता, नकाशावर बघून तो कळणार नाही. फेरीतल्या एका बाईंनी तर विचारलं, या घरांना बाहेर बसायची जागा कशी नाही? गाईडकडं उत्तर नव्हतं.

कोपऱ्यावर पिंपळाखाली येळ्ळूरच्या आणि मजगावच्या सात-आठ बायका भाजीच्या बुट्ट्या घेऊन बसायच्या. त्यातली एक माझी विद्यार्थिनी. तिची आई तिथं बसायची, आता ती बसते. मेथी, रताळी, हिवाळ्यात मटार आणि हरभऱ्याची डहाळी. सुशोभीकरणाच्या वेळी त्यांना उठवलं. तोंडी सांगितलं, एका सकाळी. त्या जागी आता कुंड्या आहेत. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आधी पाहणी करावी लागते, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीसमोर विषय न्यावा लागतो. या बायकांपैकी एकीच्याही हातात कसला कागद पडला नाही. आता त्या मोठ्या रस्त्याच्या कडेला वाहनांच्या धुरात बसतात, पोलीस आला की बुट्टी उचलून पळतात. आणि फेरीच्या माहितीपत्रकात पान दोनवर 'स्थानिक बाजाराचा जिवंत अनुभव' असं छापलंय.

हे शहर आपली कसबी माणसं याआधीही गमावून बसलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं ते बेळगावात. लोखंडी नांगर इथं घडला. पुढं ठळकवाडीतली जागा त्यांना सोडावी लागली आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानातल्या एका उजाड माळावर गेले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडं त्यांच्या नावाचा रस्ता राहिला. आमच्या गल्लीतून विणकर केव्हाच वडगाव-खासबागेकडं आणि यंत्रमागांकडं गेले. उरलेत ते एक सुतार, दोन शिंपी, एक कल्हईवाला. भाडी वाढायला लागलीत. कल्हईवाल्याचं दुकान 'कॅफेसाठी' मागायला दोनदा माणसं येऊन गेली. फेरीत त्याच्या दुकानापुढं कुणी थांबत नाही, कारण त्याच्या दारावर नक्षी नाही.

आता भाषेचं. हे लिहिताना हात थोडा थांबतो, कारण आमच्याकडं मराठीचा विषय काढला की लगेच माणसाच्या कपाळावर शिक्का मारला जातो. म्हणून आधीच स्पष्ट लिहिते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हे पत्र त्याबद्दल नाही. कन्नडविरुद्ध तर मुळीच नाही. माझी नात कन्नड उत्तम वाचते, मीही कामापुरती बोलते. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावं हा २०२४ चा नियम आमच्या गल्लीतली दुकानं पाळतात. पण प्रत्येक थांब्यावर तुम्ही जी पितळी पाटी लावलीय, ती कन्नड आणि इंग्रजीत आहे. फेरी इंग्रजी आणि कन्नडमध्ये. माहितीपत्रक तसंच. ज्या घरांबद्दल ती पाटी आहे त्या घरातल्या सासूबाईंना स्वतःच्या दाराशेजारची पाटी वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलं, "आपल्याबद्दल काय लिहिलंय त्यात?" मी वाचून दाखवलं. व्यापाऱ्याचं घर, असं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग आम्ही कोण?"

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं ठरवली. एखाद्या भागात अल्पसंख्याकांची संख्या पंधरा ते वीस टक्क्यांवर असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत छापाव्यात, हे त्यात आहे. आमच्या गल्लीत किती घरं मराठी बोलतात हे मोजायला पंधरा मिनिटं लागतील. घरावर आकडा टाकण्याआधी जी नोटीस आली, तीही आम्हाला कळेल अशा भाषेत नव्हती. कट्टा कापणार आहेत हे बऱ्याच घरांना कळलं ते यंत्राचा आवाज ऐकून.

भाषा नसली की नुसती सोय जाते असं नाही, घरातल्या वस्तूंची नावं जातात. फेरीत सोप्याला 'व्हरांडा' म्हणाले. माजघराला 'इनर रूम'. परड्याला 'बॅकयार्ड'. कोनाडा, देवळी, तुळई, कडीपाट, आढं, यांतला एकही शब्द बावीसजणांच्या कानावर पडला नाही. या घराचे शब्द याच घरात आहेत, काही मराठीत आणि काही कन्नडमध्ये. पडवीला शेजारच्या आजी 'पडसाले' म्हणतात, आमच्या आत्या 'पडसाळ' म्हणायच्या. हे ऐकायला पुण्या-बेंगळुरूच्या पाहुण्यांना आवडलं नसतं का?

तो गाईड मुलगा आमच्याच भागातला. मराठी घरातला. फेरी संपल्यावर तो माझ्यापाशी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, मला माहितीय हे मागाचं घर आहे. माझे आजोबापण माग चालवायचे. पण लिहून दिलंय त्याच्या बाहेर बोलायचं नाही असं सांगितलंय." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला लिहून कुणी दिलं, कुणाला विचारून दिलं, हे मला कळायला हवं.

रिसालदार गल्लीत भाटे वकिलांचं घर आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं उतरले होते. भाट्यांच्या मुलानं पुढं त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. जेवण झाल्यावर संन्याशानं पान-सुपारी मागितली आणि घरातली मंडळी कशी चकित झाली, हे त्यानं लिहिलंय. ते घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. मी मुलांना तिथं न्यायचे तेव्हा घराची लांबी-रुंदी कुणाच्या लक्षात राहायची नाही. पान-सुपारी राहायची. चुना-लाकूड जपायचं आणि त्यातल्या माणसांचं बोलणंही जपायचं, हे आपल्याच गावात एकदा झालेलं आहे. परगावाहून सल्लागार आणायची गरज नाही.

आता मागण्या लिहिते. यातली एकही अशक्य नाही.

दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू करण्याआधी प्रत्येक घराच्या जोत्याची आणि नव्या रस्त्याची पातळी मोजा, ती कागदावर लिहा आणि घरमालकाची सही घ्या. जुना थर उकरल्याशिवाय नवा थर टाकू नका. आमच्या गल्लीत जिथं उंबऱ्यापर्यंत पाणी आलं तिथं लाद्या उचलून रस्ता खाली घ्या. पूर्ण गल्ली जमत नसेल तर निदान घरांच्या कडेनं पाणी वाहून जायला उतार आणि चर काढा, आणि मिरगाच्या आधी काढा.

मातीच्या आणि जांभ्याच्या भिंतींवर सिमेंट व प्लास्टिकचा रंग लावणं आजपासून थांबवा. जिथं लावलंय तिथं तो काढून चुन्याचा गिलावा करून द्या. चुना येणारे गवंडी वडगावात आहेत, म्हातारे झालेत पण आहेत. त्यांच्या हाताखाली दहा तरुण पोरं ठेवा, रोजंदारी द्या. त्यातून त्यांना काम मिळेल आणि पुढच्या वीस वर्षांची दुरुस्ती करणारी माणसंही तयार होतील. रंग कोणता हे घरवाल्यांना विचारा.

कट्टे परत बांधा. जिथं गाडी जायला खरोखर अडचण आहे तिथलं सोडा, आम्ही ऐकू. आमच्या गल्लीत तशी तीनच घरं आहेत, मी मोजलीत.

भाजीवाल्या बायकांना पिंपळाखाली जागा द्या. पाच बाय चारचे आठ चौकोन पांढऱ्या रंगानं आखले तरी पुरे. कुंड्या दुसरीकडं हलवता येतात.

पाट्या, माहितीपत्रकं आणि नोटिसा कन्नड-इंग्रजीबरोबर मराठीतही करा. महिन्यातली एक फेरी मराठीत ठेवा, तिचं तिकीट गावातल्या शाळेच्या मुलांना माफ करा.

आणि ज्या घरासमोर थांबता त्या घराला आधी विचारा. थांब्याचा मजकूर घरातल्या माणसांना वाचून दाखवा, मग पाटी करा. बेडरूमच्या खिडकीतून आत मोबाईल घालून फोटो काढू नयेत हेही पाहुण्यांना सांगा. हे मला लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण दोनदा झालंय. तिकिटाच्या पैशातला काही भाग गल्लीच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा आणि तो किती जमला, कुठं गेला हे मारुतीच्या देवळाच्या फळ्यावर दर महिन्याला लिहा. तिथं आम्ही रोज दर्शनाला जातो, वाचतो.

फेरीसाठी सांगणारी माणसं मी देते. माझ्या सासूबाई आहेत. शेजारच्या आजी कन्नडमध्ये सांगतील. सुतार आहे, कल्हईवाला आहे. मानधन नको, खुर्ची आणि पाणी ठेवा. त्या मुलाला त्याच्या आजोबांबद्दल बोलायची मोकळीक द्या.

यातलं काय होणार आणि काय नाही, याचं लेखी उत्तर महिनाभरात मिळावं. नाही आलं तर दुसऱ्या टप्प्याचं इस्टिमेट आणि नकाशे माहितीच्या अधिकाराखाली मागू. अर्ज लिहून तयार आहे, शेजारच्या तिन्ही गल्ल्यांतल्या एकसष्ट घरांच्या सह्या आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरांत.

येत्या रविवारी गवंडीमामा पाण्याची लेव्हल नळी घेऊन आमच्याकडं येणार आहेत. रस्ता आणि जोतं यांचं माप ते घर-घर जाऊन घेतील, मी वहीत लिहीन. सकाळी साडेसातला सुरू करू, म्हणजे फेरी पोचायच्या आत आमची बाजू मोजून होईल. नळीचं एक टोक धरायला माणूस लागतो. तुमच्यापैकी एका अभियंत्यानं यावं. मागाच्या खड्ड्यावरच्या फळ्या काढून ठेवते.

आपली,
चौथ्या थांब्यावरच्या घरातली सून, एक निवृत्त शिक्षिका